दादाचा हिरवा खांब

फूल आलं होतं आणि मी ते वहिनींपासून लपवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे झाडाबद्दल बरंच लिहायचं आहे आणि झाडाच्या आडोशाला उभं राहायची मला सवय आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा, वहिनी जवळच्याच प्राथमिक शाळेत होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली. मी डहाणूला, समुद्राकडच्या आमच्या जुन्या घरात एकटा. लग्न राहून गेलं. एका लहानशा वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करतो. आई होती तोवर घरात बोलणं होतं. ती गेल्यावर कधी चुकून मोठ्यानं काही बोललो तर माझ्याच आवाजानं मी दचकायचो.

दादाला कोसबाडला कुणाच्या तरी बागेत एक हातभर लांबीची काटेरी कांडी मिळाली होती. ती त्यानं तलासरीच्या घरासमोर लावली. आमच्याकडे काटा दिसला की त्याला निवडुंग म्हणायचं अशी पद्धत आहे. दादाला ते खपत नसे. तो म्हणायचा, "आपल्या कुंपणाच्या निवडुंगाला कोयता लागला की दूध गळतं. याला लागला तर नुसतं चिकट पाणी. हा खरा कॅक्टस. याचं कूळ दक्षिण अमेरिकेतलं." मग तो समोरच्याला हाताला धरून झाडापाशी नेई आणि शाळेतल्यासारखं शिकवू लागे. झाडाला पानं नाहीत, पानांचेच काटे झालेत. स्वयंपाक सगळा खोडात, म्हणून खोड हिरवं. खोडाला वरपासून खालपर्यंत उभ्या धारा, प्रत्येक धारेवर थोड्या थोड्या अंतरानं लोकरीसारखी बारीक गादी आणि त्या गादीतून काट्यांचा झुबका. उन्हाळ्यात पाणी आटलं की धारा आत ओढल्या जात, पाऊस झाला की फुगून वर येत, पेटीच्या भात्यासारख्या. दिवसा हे झाड तोंड घट्ट मिटून असतं आणि रात्री हवा आत घेतं, हे सांगताना तर दादा स्वतःच आवाज खाली आणायचा.

झाड सरळ वर गेलं. कौलांना टेकलं. फांदी एकच फुटली, तीही वळून पुन्हा खोडाला समांतर उभी राहिली. फूल मात्र येईना.

"याचं फूल ताटलीएवढं असतं," दादा सांगायचा. "पांढरंशुभ्र. रात्री उमलतं आणि सकाळी संपतं."

"म्हणजे आपण झोपलेलो असताना," वहिनी म्हणायच्या. "सोय बघितलीत ना भावोजी? कुणी बघायलाच नको. त्यापेक्षा त्या खांबावर एक बल्ब लावून घ्या म्हणावं, निदान अंगणात उजेड तरी पडेल."

दादा हसायचा. वहिनींनी त्या झाडाला खांब म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच म्हणू लागले.

दादा गेला तेव्हा खांबाला फूल आलेलं नव्हतं. पुढल्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, वहिनी निवृत्त झाल्या आणि मुलीकडे सुरतेला जायचं ठरलं. भाड्याचं घर सोडायचं होतं. भांडीकुंडी, कपाट, पलंग सगळं वाटून झालं, खांब उरला. वहिनींनी मला फोन केला, "तुमच्याकडे अंगण आहे. न्याल का?"

मी टेम्पो घेऊन गेलो. खांबाची मुळं फार खोल नव्हती. वरच्यावरच पसरलेली, म्हणून तो मातीसकट निघाला. वहिनींनी दादाची जुनी गोधडी आणली आणि आम्ही ती खोडाभोवती गुंडाळून सुतळीनं बांधली. टेम्पोवाला म्हणाला, "काका, पेशंटला कुठं ॲडमिट करायचंय?" वहिनींना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. टेम्पो सुरू झाल्यावर त्या फळीला धरून म्हणाल्या, "याला कळी धरली की मला कळवा. कळी धरल्यावर फुलायला दोन-तीन आठवडे लागतात, असं ते म्हणायचे. तेवढ्यात मी सुरतेहून चालतसुद्धा येईन. मी त्यांना फार चिडवलं हो या झाडावरून. एकदा बघायचंय मला, हे गृहस्थ इतकी वर्षं कशाची वाट बघत होते."

हायवेनं चारोटीपर्यंत आणि तिथून गंजाडवरून आम्ही डहाणूला आलो. सबंध रस्ता मी मागे बसून गोधडीवर हात ठेवला होता.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी वहिनींचा फोन येऊ लागला. आधी तब्येत, मग सुरतेचं पाणी, मग नातवाचे उद्योग. मी सांगायचो, वाचनालयात कोण आलं, वाणगावची मिरची या खेपेला कशी आहे, शेजारच्या मावशींनी बोंबील सुकवायला घातले आणि कावळ्यांनी काय केलं. शेवटी त्या न चुकता विचारायच्या, "आणि आमचा खांब काय म्हणतो?"

"उभा आहे," मी म्हणायचो.

"फूल?"

"अजून नाही."

"बरं. येईल," असं म्हणून त्या फोन ठेवायच्या.

मी बुधवार-गुरुवारपासूनच रविवारी काय सांगायचं ते मनात जमवू लागलो. एखादी गंमत कानावर आली की ती रविवारसाठी राखून ठेवायची. वाचनालयात दिवसभर माणसं येतात, पण ती पुस्तकाबद्दल विचारतात. माझ्याबद्दल विचारणारा तो एकच फोन होता. आणि तो खरं तर माझ्यासाठी नसून खांबासाठी येतो, अशी मी मनाशी खूणगाठ बांधून टाकली होती.

२०१६च्या पावसाळ्यात एका धारेवरच्या लोकरीच्या गादीतून हिरवट टेंगूळ वर आलं. आधी वाटलं फांदी फुटतेय. चार दिवसांनी त्याचा देठ लांबला, टोक जाड झालं, आणि कळी आहे हे कळलं. तो शनिवार होता.

रविवारी फोन आला. सगळ्या गप्पा झाल्या. वहिनींनी विचारलं, "फूल?" आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून नाही."

फूल अजून नव्हतंच, फक्त कळी होती. मी स्वतःला असंच समजावलं. कळी गळूनही पडते, उगाच त्यांना धावपळ कशाला. पण खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या येतील, फूल बघतील, दादाचं एक राहिलेलं काम पूर्ण होईल. मग रविवारी फोन करून विचारायचं काय? पुढच्या रविवारी मी तेच म्हणालो. तेव्हा कळी बोटापेक्षा लांब झाली होती. त्याच्या पुढच्या रविवारी ती वितीएवढी होऊन देठावर बाकदार झुकली होती, आणि फोन कानाला लावून मी तिच्यासमोरच उभा होतो.

"उभा आहे ना?"

"उभा आहे."

"फूल?"

"अजून नाही, वहिनी."

त्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी कळीचं तोंड वर उचललं गेलं. अंधार पडला तशा बाहेरच्या तपकिरी-हिरव्या पाकळ्या मागे वळू लागल्या. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. पाऊस थांबला होता. आतला पांढरा रंग हळूहळू बाहेर आला, आणि रात्री कधीतरी फूल पूर्ण उघडलं. दादानं सांगितलं होतं त्याहून मोठं होतं. आत पुंकेसरांची दाट झालर, त्यांच्या मधोमध एक जाड दांडा आणि टोकाला चांदणी. वास गोड, किंचित ओल्या काकडीसारखा. एक मोठा पतंग आला, फुलात डोकं घालून गेला. मी म्हणालो, "दादा, आलं बघ." हे मोठ्यानं म्हणालो. उत्तर यायचं नव्हतंच, पण ज्यांच्याकडून आलं असतं त्यांना मीच येऊ दिलं नव्हतं. त्या रात्री मला जितकं एकटं वाटलं तितकं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

उजाडेपर्यंत फूल मिटून ओल्या फडक्यासारखं लोंबू लागलं. मी ते तोडलं आणि कुंपणापलीकडच्या वाळूत पुरलं. तसंही फळ धरलं नसतं. याला फळ धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात आणि आमच्या आसपास असं दुसरं झाड नव्हतं.

शेजारच्या मावशी मासळीची टोपली घेऊन निघाल्या होत्या. कुंपणाशी थांबून म्हणाल्या, "रात्री कसला वास सुटला होता रे तुझ्याकडं?"

"रातराणी."

"रातराणी कुठाय तुझ्याकडं? त्या काट्याच्या खांबाशी लगीन लावून बसलायस, ती नवरीच अत्तर लावून आली असंल," असं म्हणून हसत त्या बाजाराला गेल्या.

ज्या फोनसाठी मी हे केलं, त्या फोनची मला त्यानंतर भीती वाटू लागली. वहिनी तशाच बोलायच्या, नातवाच्या गमती सांगायच्या, आणि मी शेवटच्या प्रश्नाची वाट बघत ऐकूही शकत नसे. एकदा तर फोन वाजत असताना मी आतल्या खोलीत जाऊन उभा राहिलो. मग ठरवलं, पुढच्या वेळी कळी दिसली की त्याच दिवशी कळवायचं. झाड एकदा फुललं म्हणजे पुन्हा फुलणार. त्यांना कळणारही नाही की त्याआधी एक फूल येऊन गेलं.

२०१७चा उन्हाळा सरत आला तरी कळी दिसेना. मला घाई झाली होती. आई पावसाच्या आधी माडांच्या आळ्यात मीठ घालायची आणि मासळी धुतलेलं पाणी वर्षभर माडांनाच ओतायची. आमच्या किनाऱ्यावर सगळेच तसं करतात, आणि आमचे माड लगडतात. झाडाला फळफूल हवं तर मीठ आणि मासळीचं पाणी, एवढंच मला माहीत होतं. मी खांबाभोवती आळं खणलं, त्यात जाडं मीठ पसरलं आणि मावशींकडून बोंबील धुतलेलं पाणी मागून आणलं.

"माडाला ना?" मावशींनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. हे खोटं का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक तोवर सवय झाली होती.

कळशीनं कळशीनं ते पाणी मी खांबाला घालत राहिलो. पावसाळा लागला. आळ्यात पाणी साचायचं. पण खांब हिरवागार दिसत होता. कोरड्या मुलखातल्या कुळाचं ते झाड, त्याचं खोड म्हणजे पाण्याची टाकी. मुळं मेली तरी वरचं अंग साठवलेल्या पाण्यावर महिनोन्महिने हिरवं राहतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी रोज सकाळी त्याच्याकडे बघून खूश व्हायचो.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी दार उघडलं तर खांब कुंपणावर आडवा पडला होता. बुंधा तपकिरी, लिबलिबीत. बोट लावलं तर आत गेलं. कुजक्या भोपळ्यासारखा वास येत होता. टेम्पोत गोधडीवर हात ठेवून ज्याला इथवर आणलं, त्याला मी माझ्या हातानं मारलं होतं.

त्या रविवारी वहिनींनी विचारलं, "खांब काय म्हणतो?"

"उभा आहे," मी म्हणालो.

कोयत्यानं मी खांबाचे तुकडे केले. प्रत्येक कापावर मध्ये तपकिरी डाग दिसे, म्हणून आणखी वर कापायचं. असं करत शेंड्याकडचे दोनच तुकडे आतून स्वच्छ, पांढरट हिरवे निघाले. त्यातला एक मी लगेच ओल्या मातीत खोचला, जास्वंदीची फांदी खोचतात तसा, आणि वर पाणी घातलं. तो पंधरा दिवसांत खालून कुजला. दुसरा ओटीवर पडून होता. त्याला हात लावायची माझी हिंमत होईना.

पुढच्या रविवारी मी आडून विचारलं, "वहिनी, दादानं ती पहिली कांडी लावली कशी होती हो?"

"अहो, लावली कुठे लगेच!" त्यांना बोलायला विषय मिळाला. "महिनाभर माळ्यावर ठेवली होती सावलीत. मी म्हटलं, हे काय प्रेत आणून ठेवलंय घरात? तर म्हणाले, कापलेला भाग टाचेच्या कातडीसारखा घट्ट व्हायला हवा, मगच माती दाखवायची. नाहीतर कुजतं. आणि लावल्यावरही पाण्याला हात लावू दिला नाही मला. रेतीत उभी केली आणि विसरून जा म्हणाले." मग म्हणाल्या, "का हो? खांब बरा आहे ना?"

"उभा आहे."

त्यांनी सांगितलं तसंच मी केलं. तुकडा सावलीत सुकू दिला. काप घट्ट झाल्यावर उंचवट्यावर विटांचे तुकडे आणि रेती घालून त्यात उभा केला, दोन काठ्यांचा आधार दिला आणि पाणी दिलं नाही. पाण्याशिवाय ठेवणं फार कठीण गेलं. त्याच्या धारा आत गेल्या, अंग सुरकुतलं. कित्येक आठवड्यांनी एका सकाळी मी त्याला हलकेच हलवून पाहिलं, तर तो हलला नाही. खाली त्यानं काहीतरी धरलं होतं.

२०१८ साल त्याचं वाढण्यात गेलं. शेंड्याला निळसर हिरवा, मेण चोळल्यासारखा नवा भाग आला. वहिनींचे गुडघे याच काळात गेले. आधी त्या एकट्या गाडीनं सुरत ते डहाणू सहज आल्या असत्या. आता फोनवर म्हणायच्या, "जिना उतरायचा तर काठी आणि जावई दोन्ही लागतात." हे ऐकताना २०१६चे ते तीन रविवार मला पुन्हा पुन्हा आठवायचे.

२०१९च्या पावसाळ्यात धारेवर पुन्हा ते टेंगूळ आलं. शेंडा मोठ्या झाडाचाच असल्यामुळे त्याला पुन्हा लहानपणापासून सुरुवात करावी लागली नव्हती. या वेळी मी रविवारची वाट पाहिली नाही. बुधवारीच फोन लावला.

"काय झालं?" वहिनी घाबरल्या. "आज रविवार नाही."

"कळी धरलीय."

त्यांनी मागे कुणाला तरी सांगितल्याचं ऐकू आलं, "अगं, कळी आली!"

कळीचं तोंड वर उचललं जाईल अशा बेतानं मी त्यांना दिवस सांगितला. त्या दिवशी दुपार कलताना जावई त्यांना गाडीतून घेऊन आले. काठी टेकत त्या अंगणात आल्या आणि थबकल्या. खांब माझ्या खांद्याइतका होता.

"हे एवढंसं?" त्या म्हणाल्या. "तो तर कौलांना लागला होता."

जावयांना समुद्र बघायचा होता, ते किनाऱ्याकडे गेले. मी वहिनींसाठी खुर्ची आणली, स्वतः पायरीवर बसलो आणि मिठाचं सांगितलं. मासळीच्या पाण्याचं, कुंपणावर आडव्या पडलेल्या खांबाचं, आणि तरी दर रविवारी "उभा आहे" म्हणत राहिलो त्याचं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो भावोजी, माड समजलात का त्याला? ते असते तर वर्गात उभं केलं असतं तुम्हाला." आणि चक्क हसल्या. "जाऊ दे. जगवलंत ना. मुद्दाम का कुणी मारतं?"

इथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. त्या कळीकडे बघत होत्या. कळीचं टोक फुगलं होतं, बाहेरच्या पाकळ्या किंचित सुटल्या होत्या. "बघितलंत," कळीकडे बघूनच त्या दादाला म्हणाल्या, "मी खांब म्हणायचे. तुमचंच खरं निघालं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पहिलंच फूल ना हो हे?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून मी पुन्हा म्हणालो, "नाही वहिनी. याआधी एक आलं होतं. तीन वर्षं झाली. तुम्ही तेव्हा काठीशिवाय आला असतात. कळी धरल्यापासून तीन रविवार तुम्ही मला विचारलंत आणि मी नाही म्हणालो."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. मावशींच्या अंगणात कुणीतरी सुकी मासळी गोळा करत होतं, त्याचा आवाज येत होता.

"का?" त्यांनी विचारलं. "मी काय नेणार होते ते फूल?"

"फूल येऊन गेलं असतं तर तुमचा फोन बंद झाला असता."

"वेडे आहात का?" त्या म्हणाल्या. "मी काय नुसत्या झाडासाठी फोन करत होते? त्या सुरतेत यांच्याबद्दल बोलायला मला तरी दुसरं कोण होतं?"

हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. उजेड कमी होत चालला होता आणि वरची एक पाकळी मागे वळू लागली होती. मी पायरीवरून उठलो, त्यांच्या खुर्चीसमोर वाकलो आणि दोन्ही हात त्यांच्या पावलांवर ठेवले.

"वहिनी, दादाचं पहिलं फूल तुमचं होतं. ते मी एकट्यानं बघितलं आणि वाळूत पुरलं. माझं चुकलं. मला माफ करा."